तिकीट नंबर नसेल तर फिक्समी ('हे दुरुस्त करायचंय' अशी कोडमधली कमेंट) मर्ज होऊ द्यायचा का?

जळगावचा कोडवाला
जिनिंगवाल्यांच्या कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉइश्चर कपातीचं फंक्शन आहे. सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) नियम सरळ: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत प्रमाणात कपात, त्यावर माल नाकारायचा. पण खासगी जिनवाला १२ च्या वरचा मालही घेतो, आणि तिथं आमचा कोड चक्क शून्य कपात देतो! म्हणजे जेवढा ओला कापूस, तेवढी मजा. वर कमेंट: 'फिक्समी, १२ च्या पुढचं नंतर बघू'. गिट ब्लेम मारलं, तर लिहिणारा केव्हाच पुण्याला गेलेला. माझं मत: तिकीट नंबर (ट्रॅकरमधल्या कामाच्या नोंदीचा नंबर) नसलेला टूडू ('हे करायचं राहिलंय') किंवा फिक्समी मुख्य कोडमध्ये मर्जच होऊ द्यायचा नाही. सीआयमध्ये, म्हणजे मर्जआधीच्या आपोआप तपासणीत, एक ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) टाकला की झालं.

धुळेकर
भो, त्यानं कमेंट टाकली म्हणून तुला कळलं तरी. सक्ती केली की लोक तिकीट काढणार नाहीत, कमेंट लिहिणं सोडतील. आणि तिकिटं टिकतात कुठं? आमच्याकडे ट्रॅकर बदलला, जुने नंबर आता उघडतच नाहीत. कमेंट कोडसोबत क्लोन होते. लिनक्स कर्नलच्या स्टेजिंग नावाच्या फोल्डरमध्ये बघ, अर्धवट ड्रायव्हरशेजारीच टूडू नावाची फाइल असते.

जळगावचा कोडवाला
ते उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. तिथं अर्धवट माल वेगळा ठेवतात, आणि काम पुढं सरकलं नाही तर ड्रायव्हर काढूनही टाकतात. आपल्याकडे कोण काढतं?

भुसावळ लोको
तुम्ही दोघं चिठ्ठी कुठं चिकटवायची यावरच भांडताय. टेस्ट लिहा ना. १२.४ टक्क्यांचा कापूस, अपेक्षित कपात, आणि पायटेस्ट या टेस्टच्या टूलमधली एक्सफेल ('ही फेल होणार') ही खूण स्ट्रिक्ट करून. आज ती फेल होणं धरलेलंच असतं, म्हणून बिल्ड अडत नाही. कोणी फंक्शन दुरुस्त केलं की टेस्ट पास होते आणि त्यामुळंच बिल्ड पडतो. मग खूण काढावीच लागते.

धुळेकर
पण अपेक्षित कपात किती, तेच तर ठरलेलं नाही! प्रत्येक जिनवाला आपापला आकडा धरतो. 'नंतर बघू' हा आळस नसेलही, मालकाला विचारायचं राहिलं असेल. उत्तर माहीत नसताना टेस्टमध्ये काय लिहायचं?

भुसावळ लोको
मग शून्य तरी कशाला द्यायचं? एरर फेका. रस्टमध्ये टूडू नावाचा मॅक्रोच आहे, तिथं पोचलं की प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे एरर देऊन थांबतो.

जळगावचा कोडवाला
दिवाळीनंतर काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना प्रोग्राम पॅनिक झाला, तर मालकाचा फोन मला येईल भाऊ, तुम्हाला नाही.

भुसावळ लोको
अख्खा प्रोग्राम नका थांबवू. १२ च्या वर गेलं की कपातीचा रकाना रिकामा ठेवा, हातानं आकडा भरल्याशिवाय पावती छापायची नाही.

धुळेकर
हे पटलं. तरी कमेंट राहू दे, नाहीतर रकाना रिकामा का, हे पुढच्याला कळणार नाही.

जळगावचा कोडवाला
रकाना करतो, कमेंटही ठेवतो. ग्रेप मात्र टाकणारच, फक्त नव्या डिफपुरता (नव्यानं बदललेल्या ओळींपुरता). जुन्या कमेंटना हात लावत नाही.

धुळेकर
टाक. पण उद्या कोणी फिक्समीऐवजी नुसतं 'टीप' लिहून सुटला, तर तुझा ग्रेप काय पकडणार?