मदत हवी आहे: स्टुडिओच्या नावाची किंमत ठरते कशी?

मंडळी, स्टुडिओच्या ब्रँडवर लेख लिहितोय, पण एका मुद्द्यावर गाडी अडलीय. बहुतेक प्रेक्षक कलाकार बघून तिकीट काढतात, स्टुडिओचं नाव कोण वाचतं? पण पिक्सार या अॅनिमेशन स्टुडिओचा तो टुणटुण उड्या मारणारा दिवा दिसला की पोरंसुद्धा सरसावून बसतात! डिस्नेने २००६ मध्ये पिक्सार विकत घेतलं, तरी नाव आणि दिवा दोन्ही राखले. उलट डिस्नेनेच विकत घेतलेल्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स स्टुडिओच्या नावातलं 'फॉक्स' २०२० मध्ये उडवलं. आणि स्वतःच्या नावाला न शोभणाऱ्या, मोठ्यांसाठीच्या चित्रपटांकरता १९८४ मध्येच टचस्टोन हे वेगळं नाव काढलं होतं.

वितरण किंवा मार्केटिंगमधलं कुणी आहे का इथे? कंपनी विकत घेताना नावाची वेगळी किंमत लावतात, की ती चित्रपटांच्या हक्कांतच धरतात?