जुन्या ट्रकमध्ये जीपीएस अँटेना दिसणार नाही असा कुठे बसवावा?

ट्रकवेडा

नमस्कार मंडळी,

जुन्या ट्रकच्या केबिनचं काम शेवटच्या टप्प्यात आलंय. रंग, सीट, मीटर सगळं मूळ स्वरूपात ठेवलंय. वाट शोधायला नकाशाचा स्टिरिओ मात्र हवा होता, तो ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणामागे बसवला. आता अडलंय जीपीएस अँटेनापाशी. चौकोनी काळी डबी, खाली चुंबक आणि लांबलचक वायर. टपावर ठेवून पाहिली तर सिग्नल उत्तम येतो, पण वायर दाराच्या रबरातून आत घ्यावी लागते आणि बाहेरून ती डबी पाहवत नाही. शिवाय कोणीही सहज उचलून नेईल. टपाला भोक पाडायचं नाही, एवढं पक्कं.

डॅशबोर्ड पत्र्याचा आहे, वर रेक्झिनची गादी. समोरची काच साधी आणि जवळजवळ उभी. बॅटरी २४ व्होल्टची. डबी डॅशबोर्डच्या आत लपवली तर चालेल का? कोणी असं काम केलं असेल तर नेमकी जागा सांगा.

आकाशवेध

पत्र्याच्या आत अजिबात नको. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून निघालेला सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो, की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही कमी भरतो. ठरलेला संकेत जुळवून रिसीव्हर तो त्या खरखरीतून वेचून काढतो. मध्ये पातळ पत्रा आला तरी सगळं संपलं. प्लास्टिक, फायबरग्लास, रेक्झिन, फोम आणि साधी काच यांतून मात्र तो आत येतो.

तुमच्याकडे गादी आहे, हे फार चांगलं झालं. गादी सोडवा आणि डबी पत्र्याच्या वर, गादीच्या खाली, काचेच्या अगदी पायथ्याशी बसवा. खालचा पत्रा इथे अडचण नाही, मदतच आहे. या डबीतली सिरॅमिक चकती पाठीशी धातूचा सपाट भाग असला की जास्त चांगलं काम करते. सुमारे ७ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो, तुमच्याकडे तर अख्खा डॅशबोर्ड आहे. डबी आडवी हवी, तोंड वर. तिच्यावर गोंद किंवा सिलिकॉनचा थर देऊ नका. चकतीला काही घट्ट चिकटलं की तिची वारंवारता सरकते, आणि ती १५७५.४२ मेगाहर्ट्झला जुळवलेली असते.

उभ्या काचेचा तोटा एवढाच, की मागचं बरंचसं आकाश टप झाकतो. स्थान काढायला किमान ४ उपग्रह दिसावे लागतात. स्टिरिओ जीपीएसबरोबर ग्लोनास (रशियाचे उपग्रह) आणि गॅलिलिओही (युरोपचे) घेत असेल तर पुढच्या अर्ध्या आकाशातही पुरेसे मिळतात. सेटिंगमध्ये ते चालू आहेत ना, ते बघा.

पत्राकाम

वरच्या सल्ल्याशी सहमत, पण गादीच्या पोटात काय आहे ते आधी तपासा. काही गाद्या आतून पत्र्याच्या चौकटीवर ओढलेल्या असतात. चुंबक फिरवला की लगेच कळेल. काचेवर गरम हवा सोडणारी फट असते, तिच्या तोंडाशीही डबी नको. आणि काचेच्या वरच्या भागाला ऊन अडवणारी फिल्म लावली असेल तर ती धातूचा मुलामा असलेली नाही ना, याची खात्री करा. तसली फिल्म सिग्नलही अडवते.

मला स्वतःला दुसरी जागा जास्त आवडते. केबिनच्या कपाळावर पिवळे दिवे ओळीने असतील तर मधल्या दिव्याची काच बहुतेक प्लास्टिकची असते, आणि दिव्याच्या वायरसाठी टपाला भोक आधीपासूनच असतं. आतमध्ये जागा असेल तर लहान अँटेना तिथे बसतो आणि त्याला चहूबाजूंचं आकाश मिळतं. बाहेरून काही दिसत नाही, नवं भोकही नाही. पण दिवा काढून टाकून जागा करू नका. रात्री समोरच्याला ट्रकचा आकार त्या दिव्यांवरून कळतो. बल्बची उष्णता डबीला लागू नये इतकं अंतर ठेवा, आणि आत चकचकीत रिफ्लेक्टर असेल तर डबी त्याच्या वरच्या बाजूला यायला हवी. गॅस्केट जुनं झालं असेल तर नवं टाका. सिलिकॉन लावायचंच तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं.

क्रोमच्या आरशामागे किंवा क्रोमच्या जाळीमागे लपवायचा विचार मात्र सोडा. आत प्लास्टिक असलं तरी वरचा मुलामा धातूचा असतो.

तारजोड

जागेइतकंच वायरकडे लक्ष द्या. बहुतेक अशा अँटेनांना आरजी १७४ जातीची बारीक कोॲक्स वायर असते, म्हणजे मध्ये तार, भोवती फोम आणि त्यावर धातूची जाळी. दर मीटरला साधारण १ डेसिबल सिग्नल जातो, पण डबीतला ॲम्प्लिफायर तेवढं भरून काढतो. म्हणून लांबी जास्त आहे म्हणून वायर कापून जोडू नका. बिघाड बहुतेक वेळा त्या जोडातच होतो. उरलेली वायर मोठ्या सैल वेटोळ्यात गुंडाळा. घट्ट घडी घालून वर टाय आवळला की आतला फोम दबतो. पत्र्याच्या कडेवरून जाईल तिथे रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारं रबराचं कडं) हवाच, नाहीतर ट्रकच्या थरथरीने वायर सोलून निघेल.

डबीला वीज त्याच वायरमधून, स्टिरिओकडून मिळते, ३ ते ५ व्होल्ट. मल्टिमीटरने कनेक्टरच्या मधल्या टाचणीवर ती येते का पाहा. शून्य दाखवत असेल तर डबीला दोष देण्याआधी स्टिरिओ तपासा.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. २४ चे १२ व्होल्ट कशाने करता? आणि बॉडीला बॅटरीचं कोणतं टोक जोडलंय? काही जुन्या गाड्यांत बॉडीला प्लस असतं. तसं असेल आणि डबीचा तळ उघड्या धातूचा असेल, तर तो वायरच्या जाळीला जोडलेला नाही ना, हे मल्टिमीटरने पाहूनच पत्र्यावर टेकवा. जोडलेला असला तर शॉर्ट होईल.

ट्रकवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉडीला मायनसच आहे. गादीत फक्त फोम निघाला. टपावरचे दिवे फार लहान आहेत, त्यामुळे गादीखालची जागा ठरवली. डबी आत्ता नुसती चिकटपट्टीने ठेवली आहे. स्टिरिओच्या उपग्रहांच्या पानावर टपावर असताना चांगल्या उपग्रहांच्या सिग्नलच्या ताकदीचे आकडे ४४-४५ यायचे, आता ३७-३८ येतात. नकाशा व्यवस्थित चालतो.

पण डॅशकॅम (काचेवरचा, रस्ता टिपणारा कॅमेरा) लावला की तेच आकडे ३० च्या खाली उतरतात आणि नकाशावरची गाडी शेजारच्या रस्त्यावर उडी मारते. १२ व्होल्टसाठी एक साधा कन्व्हर्टर आहे, तो डॅशबोर्डच्या मागे, डबीच्या जवळजवळ खालीच येतो.

तारजोड

३७-३८ गादीखाली म्हणजे छान आहे, जागा बदलू नका. आकडे पाडणारी वस्तू शोधायची आहे. आधी डॅशकॅम चार्जरऐवजी पॉवर बँकेवर चालवा. आकडे सुधारले तर दोष चार्जर किंवा कन्व्हर्टरचा. तसेच पडलेले राहिले तर कॅमेराच गोंगाट करतोय, म्हणजे सिग्नल बुडवणाऱ्या नको त्या रेडिओलहरी सोडतोय. काही डॅशकॅम जीपीएसच्या पट्ट्यात बराच गोंगाट सोडतात, आणि त्यावर अंतर हाच उपाय. कॅमेरा काचेच्या एका टोकाला असेल तर डबी दुसऱ्या टोकाला न्या, आणि कॅमेऱ्याची वायर डबीजवळून नेऊ नका.

कन्व्हर्टर मात्र तसाही हलवा, सीटखाली किंवा मागच्या भिंतीला. बंद धातूच्या खोक्यातला चांगला घ्या, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर हा गोंगाट अडवणारे फेराइटचे कडे बसवा. एलईडी दिवे बदलले असतील तर तेही एकेक चालू-बंद करून आकडे पाहा.

आकाशवेध

गादी पक्की करण्याआधी एक चाचणी घ्या. ट्रक रात्रभर बंद ठेवा, सकाळी मोकळ्या जागी सगळी उपकरणं चालू करून स्टिरिओ लावा. प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, त्यामुळे सिग्नल न तुटता येत असेल तर एखाद्या मिनिटात स्थान मिळायला हवं. बराच वेळ लागत असेल तर माहिती मध्येच तुटतेय असं समजा, आणि गादी तोपर्यंत सैलच राहू द्या.