मदत हवी आहे: धुतलेल्या मातीच्या मालावर पांढरे टवके, पिंपात गाळ बसत नाही (खानापूर, जि. बेळगाव)

मलप्रभाकाठ
आमच्या बचत गटाने पणत्या, कुंड्या, मडकी यांसाठी माती धुण्याचा छोटा संच लावलाय. 200 लिटरची तीन प्लास्टिकची पिंपं, ढवळायला मोटर, गाळायला मच्छरदाणीची जाळी. माती निम्मी-निम्मी: एक खानापूर तालुक्यातलीच नदीकाठची तांबूस, दुसरी बैलहोंगलकडची काळी, चिकट. भट्टी 880 ते 900 अंशांपर्यंत जाते.

माल भट्टीतून चांगला निघतो, पण आठ-दहा दिवसांनी वाटाण्याएवढे टवके उडतात, मधे पांढरा ठिपका दिसतो. दुसरं म्हणजे पिंपातला गाळ तीन-तीन दिवस बसत नाही. सोडियम सिलिकेटने बसेल असं कळलं म्हणून पिंपाला अंदाजे पाव किलो घातलं. तरी बसेना, मग तुरटी घातली. आता भाजलेल्या मालावर पांढरी साय येते. पुढच्या महिन्यात 15 महिलांचं शिबिर घ्यायचंय. त्याआधी पग मिल (माती मळायचं यंत्र) घ्यावी का?

भट्टी आणि माती
टवके चुनखडीचे आहेत. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. साधारण 850 अंशांच्या पुढे त्या खड्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. म्हणून माल लगेच न फुटता आठवड्याने फुटतो.

खात्री करायला दोन्ही माती वेगवेगळ्या धुवा, जाळीवर राहिलेला खडा वाळवा आणि त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड टाका. एक भाग अॅसिड दहा भाग पाण्यात. अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. फेस आला की चुनखडी.

मच्छरदाणीचं भोक मिलिमीटरहून मोठं असतं, त्यातून हे खडे सहज जातात. 60 मेशची (इंचाला 60 भोकांची) स्टीलची जाळी घ्या, म्हणजे भोक पाव मिलिमीटर. त्याखालचा चुना मातीत पसरून राहतो, टवका उडवत नाही. आणि माती कुटून बारीक करून मग धुऊ नका, खडेही कुटले जाऊन जाळीतून निघतात. तयार मालासाठी एक उपाय: भट्टीतून काढल्यावर कोमट असतानाच बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवा. लहान खडे यात निवतात, मोठ्यांना उपयोग नाही.

जांभा चिरा
गाळाचं उलटं झालंय, ताई. सोडियम सिलिकेट गाळ बसवत नाही, कण सुटे ठेवून तरंगत ठेवतं. शिवाय 150 लिटर पाण्यात जेमतेम 20 किलो माती असेल, तिला पाव किलो म्हणजे सव्वा टक्का झाला. कोरड्या मातीच्या 0.2 टक्का, म्हणजे 40 ग्रॅम पुरतं, तेही साच्यात ओतायच्या पातळ मातीला. तुमच्या मालाला ते लागतच नाही. तुरटीतलं सल्फेट मातीत उरतं, वाळताना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतं. ती साय बहुतेक त्याचीच. सिलिकेट बंद केलंत की तुरटीही लागणार नाही.

आता क्रम. माती आधी कडक वाळवा. ओलं ढेकूळ दिवसभर भिजूनही आतून तसंच राहतं, वाळलेलं चटकन विरघळतं. 100 लिटर पाण्याला 14 किलो कोरडी माती, एक रात्र भिजवून मग ढवळा. एक लिटर घोळ (माती कालवलेलं पाणी) वजन करून बघा: 1080 ग्रॅमच्या आसपास हवा. त्याहून जड असेल तर कण एकमेकांना अडवतात, रेतीही तरंगत राहते. मोटर बंद करून पाच मिनिटं थांबा. 60 सेंटिमीटर खोलीत तेवढ्यात 50 मायक्रॉनवरची (0.05 मिलिमीटरहून मोठी) रेती तळाला जाते. नळ तळापासून 15 सेंटिमीटर वर बसवा, म्हणजे ती पुढे येत नाही. घोळ जाळीतून दुसऱ्या पिंपात सोडा, रात्रभर ठेवून वरचं निवळ काढा आणि तेच पाणी पुढच्या घाण्याला वापरा. खालचा दाट गाळ विटांच्या हौदात सुती कापड अंथरून ओता.

खाणकाम शिक्षण
पग मिल आत्ता नको. ती माती एकजीव करते, खडा काढत नाही. चुनखडी राहिली तर तुमचा दोष फक्त जलद तयार होईल.

शिबिरात पहिला दिवस माती काढायच्या खड्ड्यावर घालवा. मातीच्या कड्याखाली पोखरून खणणं सगळ्यात घातक. खाणींच्या 1961 च्या नियमावलीत मातीला एका पायरीची उंची जास्तीत जास्त 1.5 मीटर आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नाही, असं आहे. खड्डा छोटा असला तरी तेच पाळा. साधी माती गौण खनिजात येते, कर्नाटकात 1994 चे नियम लागू आहेत, तेव्हा उचलण्याआधी जिल्ह्याच्या खाण व भूविज्ञान खात्याला लेखी विचारा. अर्ज कन्नडमधून लिहून घ्या. टिपणं मात्र मराठी-कन्नड दोन्हीत द्या, शेजारच्या गावच्या बायका येणारच.

पुढे प्रत्येकीकडून वडी करून घ्या. ओल्या वडीवर 10 सेंटिमीटरची रेघ, सावलीत वाळल्यावर मोजायची. 9.4 भरली तर आकुंचन 6 टक्के, ठीक. 8 च्या वर गेलं तर तडे जातात. मग भाजलेल्या तुकड्यांची भुकटी 10 ते 15 टक्के मिसळा. ही भुकटी पाणी शिंपडूनच कुटा, तोंडावर एन-95 लावून. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ओढणी बांधून ही धूळ अडत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

खानापुरातच खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, तिथे विचारा. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारही आहेत: प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांना 15,000 पर्यंत.

मलप्रभाकाठ
अॅसिड टाकून बघितलं. काळ्या मातीच्या खड्यांवर भरपूर फेस, तांबड्यावर काहीच नाही. पण 60 मेशची जाळी लगेच तुंबते.

जांभा चिरा
घोळ जाड आहे, आधी लिटरचं वजन बघा. जाळी आडवी न ठेवता तिरकी ठेवा, वर 20 मेशची दुसरी जाळी लावून काड्या-मुळं तिथेच अडवा, आणि खालून पाण्याचा फवारा मारा. वरून ब्रश घासू नका, तार सैल होऊन भोकं मोठी होतात. काळी माती निम्मीवरून पाव करून एक घाणा भाजा आणि त्यातल्या दहा पणत्या पंधरा दिवस ओलसर जागी ठेवून बघा.