गोव्यातला शंभर-दोनशेचा पोकर टेबल खरंच बीट होतो का, म्हणजे खेळून नफा निघतो का? (पुणेकरांनी मतं द्या)

कोथरूडचा_रेग: ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन पैशाच्या गेम्सवर बंदी आली तेव्हापासून आमच्या ग्रुपला एकच विषय आहे, खेळायचं तर कुठे. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीच, १९७६ चा कायदा कागदावरच राहिला आणि २०२३ ला तोही रद्द केला, म्हणजे उरलं काय तर रात्रीची स्लीपर पकडायची आणि सकाळी पणजी. माझं मत सांगतो, तिथला शंभर-दोनशेचा छोटा गेम (पत्ते बघायच्या आधी दोघांना टाकावे लागणारे पैसे, स्मॉल आणि बिग ब्लाइंड) बीट होतो पण भारी खेळून नाही, टेबल निवडून. मागच्या ट्रिपला मांडवीतल्या एका बोटीवर दोन टेबल चालू होते. एकावर सगळे हेडफोनवाले, चिप्स बोटात फिरवतायत, एक जण रेज करतो (बोली वाढवतो) बाकी फोल्ड (पत्ते टाकतात), स्मशानशांतता. दुसऱ्यावर एक काका एका हातात चिकन लॉलीपॉप धरून दर हँडला (डावाला) "चला बघू तर खरं" म्हणत कॉल मारतायत (बोलीएवढे पैसे टाकतायत) आणि सहा-सहा जण फ्लॉप (टेबलावर उघडणारे सगळ्यांचे पहिले तीन पत्ते) बघतायत. पहिल्यावर सीट रिकामी होती, दुसऱ्याला वेटिंग. मी पाऊण तास उभा राहिलो राव, पण दुसऱ्यावरच बसलो. उभं असताना एवढंच बघायचं, किती जण लिंप करतायत (बोली न वाढवता नुसता बिग ब्लाइंड टाकून आत येतायत) आणि शोडाऊनला (शेवटी पत्ते दाखवताना) काय कचरा उघडतात. आपल्याकडच्या लोकांना तीन पत्तीची सवय, पत्ते टाकणं म्हणजे इज्जत का सवाल. त्यात २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी, त्यामुळे बरेचसे सुट्टीवर आलेले. तिथे ब्लफ मारणारा गाढव. टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी) लागली की मोठी बेट टाका, कॉल येतोच.

मंडईचा_तराजू: सगळं सांगितलं, रेक (कॅसिनो प्रत्येक डावातून कापतो ते) कोण सांगणार? समजा सरासरी पॉट (एका डावात जमलेले पैसे) ६,००० चा आणि रेक ५ टक्के, म्हणजे हँडमागे ३०० रुपये गेले. तासाला ३० हँड धरा, ९,००० टेबलावरून उठले. नऊ जणांत वाटा, माणशी हजार. म्हणजे दोनशेच्या बिग ब्लाइंडला तासाला ५ बीबी (बिग ब्लाइंड, म्हणजे हजार रुपये) जिंकलात तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर! डीलरची टिप वेगळी. वर बस, हॉटेल. त्या काकांचे पैसे तुमच्याकडे नाही, बोटीकडे चाललेत.

कोथरूडचा_रेग: अहो पण रेक नऊ जणांत सारखा वाटला जात नाही ना. जो पॉट जिंकतो त्याच्या पॉटमधून कापतात. मी तासाला दोन-तीन पॉट घेतो, काका आठ घेतात आणि दहा हरतात. जास्त रेक तेच भरतात. कॅप (एका पॉटमधून जास्तीत जास्त किती रेक) किती आहे ते मात्र बसायच्या आधी फ्लोअरवाल्याला विचारायचं हे मान्य, छोट्या गेमला कॅप मोठी असेल तर उठून चालू पडायचं.

हिंजवडी_नाईटशिफ्ट: मी ऑनलाइनवाला, माझा मुद्दा वेगळाय. चार टेबल लावून तासाला ३०० हँड व्हायचे, इथे ३०. वीकेंडला वीस तास बसलात तरी ६०० हँड. एवढ्यात नशिबाचा झोका सहज २०० बीबी इकडे किंवा तिकडे जातो, म्हणजे ४०,००० रुपये! आणि तुम्ही अगदी चांगले असाल, तासाला ५ बीबीवाले, तरी अपेक्षित कमाई २०,०००. मग तीन ट्रिपा प्लसमध्ये आल्या म्हणून "बीट होतो" म्हणणं म्हणजे तीनदा छापा आला म्हणून नाणं खोटं म्हणण्यासारखं आहे. तुमचे एकूण तास किती झाले ते सांगा आधी.

कोथरूडचा_रेग: १४० च्या आसपास. हो, कमी आहेत, माहितीये.

सीए_सदाशिव: १४० तासांची वही ठेवलीय का? पत्त्यांच्या कमाईवर सरळ ३० टक्के आणि वर सेस, खर्च वजा नाही, तोटा दुसरीकडे लावता येत नाही. एका ट्रिपला ५०,००० जिंकलात, पुढच्या ट्रिपला ४०,००० हरलात. तुमच्या मते नफा १०,०००. टॅक्स मात्र पन्नासवर, १५,६००. जिंकून ५,६०० चं नुकसान. बीट काय करताय डोंबल.

मुळशी_फार्महाऊस: म्हणून म्हणतो गोवा सोडा. आमच्याकडे शनिवारी घरगुती गेम, रेक निम्मा, मटण फ्री 😄

हिंजवडी_नाईटशिफ्ट: नको बाबा. रेक घेतला की तो घरगुती राहत नाही, जुगाराचा अड्डा म्हणून १८८७ चा कायदा आपल्या राज्यात अजून चालतो. पोकर कौशल्याचा खेळ म्हणाल तर गुजरात हायकोर्टाने २०१७ ला त्याला जुगारच म्हटलंय, कोण वाद घालत बसणार पोलिसांशी. शिवाय मी अशा एका गेमला ३२ हजार जिंकलो होतो, त्यातले १८ अजून "उद्या जीपे करतो" मध्येच आहेत. बोटीवर निदान चिप्स दिल्या की कॅश मिळते.

निवांत_५८: त्या लॉलीपॉपवाल्या टेबलावर मी नव्हतो, पण मी तसलाच काका आहे. वर्षातून दोनदा जातो, २०,००० बाजूला काढतो, बायको खाली स्लॉटवर आणि मी पोकरला. हरणार हे मला कळतं हो, नाटकाचं तिकीट काढतो तेव्हा पैसे परत मागतो का? पण तुमच्यासारखा एखादा शेजारी येऊन बसतो, दीड तास तोंड उघडत नाही, आणि मी आठ-चारवर दोन पेअर लावून जिंकलो की मला शिकवतो "काका हा कॉल चुकीचा होता". मी त्याच क्षणी उठतो. मी उठलो की दहा मिनिटांत दुसरा काका उठतो आणि मग तुम्ही हेडफोनवाले बसता एकमेकांचं तोंड बघत, रेक भरत. टेबल निवडायचा एवढा अभ्यास करता, जरा गप्पा मारायचा पण करा.

मंडईचा_तराजू: काकांनी पॉइंट काढला 👏 ह्याचा हिशेब माझ्या तराजूत नव्हता.

कोथरूडचा_रेग: मान्य काका, शंभर टक्के. मी लेक्चर देत नाही पण हेडफोन असतात, तेही काढतो. बाय द वे पुढच्या वेळी कधी जाताय?

निवांत_५८: ते तुम्हाला का सांगू?