दोन खोल्या, एसी नाही, तरी ३९६ युनिट? भाड्याने राहणाऱ्यांनी जरा सांगा

सुदामानगर_दुसरा_मजला

नमस्कार मंडळी. इंदूरला सुदामा नगरात भाड्याने राहतो, दोन खोल्या आणि किचन, घरात आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि माझी आई. मेन मीटर मालकांच्या नावावर, आम्हाला आतून सबमीटर लावून दिलाय आणि १० रुपये युनिटने पैसे घेतात. मार्चपर्यंत १२०-१३० युनिट यायचे. एप्रिलला २६० झाले तेव्हा म्हटलं कूलर सुरू झालाय, असू दे, पण आता मे महिन्याचे ३९६ काढून दिलेत म्हणजे सरळ ३,९६० रुपये. भाडं ९,००० आणि वर हे.

एसी नाही. फ्रीज आहे आठ वर्षं जुना, एक कूलर, तीन पंखे, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन दोन दिवसांआड लावतो. गीझर मार्चपासून बंदच आहे.

मालकांना विचारलं तर म्हणाले मीटर दाखवतं तेच सांगतोय. माणूस वाईट नाही, आजारपणात रात्री गाडी काढून आलेले आहेत, म्हणून भांडायची इच्छा होत नाही. पण घरात काय चाललंय ते सांगतो. परवा ऑफिसातून लवकर आलो, बाहेर ४२ डिग्री, आणि आई कूलर बंद करून, मानेवर ओला टॉवेल टाकून दारात फरशीवर बसलेली, मुलीला पेपरने वारा घालत होती. म्हणाली अरे तेवढेच युनिट वाचतील. फार लागलं ते मला, अजून डोळ्यासमोरून जात नाही.

कुठून सुरुवात करू? सबमीटर फास्ट असेल का, १० रुपये दर बरोबर आहे का, आणि भाडेकरूला स्वतःचं मीटर मिळतं का?

वायरमनचा_मुलगा

दादा आधी कागद-पेन घेऊन बसा. जुना फ्रीज उन्हाळ्यात रोजचा दीड युनिट धरा, कूलर १८० वॅटचा बारा तास म्हणजे दोनच्या थोडं वर, तीन साधे पंखे ७५ वॅटचे चौदा-चौदा तास म्हणजे तीनच्या वर, टीव्ही मशीन लाईट मिळून अर्धा-पाऊण. झाले रोजचे साडेसात, महिन्याचे २२०-२२५. म्हणजे मार्चपेक्षा वाढणारच होतं, ते खरंच तुमचं आहे. पण वरचे १७० तुमचे वाटत नाहीत.

आता सबमीटर समोर उभे रहा. त्यावर एक बारीक लाल लाईट लुकलुकत असतो आणि बाजूला छापलेलं असतं किती वेळा लुकलुकला की एक युनिट. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, कुठे १६०० कुठे ६४००, तुमचा वाचून घ्या. घरातलं सगळं बंद करा, आणि फक्त पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड बादलीत टाकून लावा (रॉड चालू असताना पाण्याला बादलीला हात लावू नका आणि मुलीला लांब ठेवा). ३२०० वाला असेल तर मिनिटाला ५३ च्या आसपास लुकलुकला पाहिजे. आपल्याकडचं व्होल्टेज कमी असेल तर दोन-चार कमी येतील, पण ७०-८० आले तर मीटर फास्ट आहे.

दुसरी टेस्ट त्याहून महत्त्वाची. तुमच्या घरातली मेन एमसीबी (अख्ख्या घराचा करंट तोडणारा स्विच) पाडून म्हणजे बंद करून टाका. आता लाईट लुकलुकायलाच नको, अजिबात. लुकलुकला तर तुमच्या मीटरच्या पुढून दुसऱ्या कोणाची वायर गेलीये. आणि हे एकदा बघून सोडू नका, सकाळी बघा, दुपारी बघा, नळ येतात तेव्हा तर बघाच. माझ्या वडिलांनी तीस वर्षं हेच काम केलं, ते म्हणतात मीटर क्वचित चुकतं, वायर जोडणारा जास्त वेळा चुकतो.

रामबागची_काकू

मी दुसऱ्या बाजूची आहे, आमच्याकडे तीन बिऱ्हाडं भाड्याने आहेत म्हणून मालकाचं गणितही सांगते, कारण १० रुपये ऐकल्यावर सगळ्यांना लूट वाटते आणि दर वेळी ती असतेच असं नाही.

आपल्याकडे अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये लागतात. ३० दिवसांचे १५० म्हणजे रोजचे ५. पण एका मीटरवर तीन-चार घरं चालली की तो मीटर १५० च्या आत राहणार कसा? सवलत तर जातेच, वर युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात, आणि आपल्या एमपीत फिक्स चार्जसुद्धा वापरासोबत चढतो हे पुष्कळांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं फिक्स म्हणजे फिक्स. वरून ड्यूटी. माझं मागचं बिल एकूण रक्कम भागिले एकूण युनिट केलं तर नऊच्या आसपास पडलं. तेव्हा १० म्हणजे थोडं जास्त आहे पण दुप्पट नाही.

मी काय करते, बिल आलं की झेरॉक्स काढून जिन्यात लावते, त्यावरच पेनाने भागाकार केलेला असतो, जो दर येईल तो सगळ्यांना सारखा, आम्हालासुद्धा. वीस वर्षांत एकदाही वाद झाला नाही. तू मालकांना दर कमी करा असं म्हणू नकोस, मेन बिल दाखवा म्हण. बिल बघायला मागणं यात काही वावगं नाही, आणि जो खरा आहे तो दाखवतो.

आणि आईला सांग बाळा, कूलर लाव म्हणावं. तासाला पाव युनिटसुद्धा जात नाही त्याचं. दुपारचे पाच तास म्हणजे एक युनिट, दहा रुपये. त्या दहा रुपयांसाठी या वयात ऊन लागलं तर सलाईनलाच हजार जातील.

भंवरकुआं_रूम_७

भिया माझ्यासोबत झालेलं सांगतो, मी भंवरकुआंला कोचिंगसाठी आलो तेव्हा रूम घेताना मीटरकडे बघितलंच नाही, पहिल्याच महिन्यात २१० युनिट लावले, एका माणसाचे, एक पंखा एक बल्ब आणि लॅपटॉप, मी म्हटलं कसं शक्य आहे तर म्हणे रीडिंग बघ, आणि रीडिंग बरोबरच होतं पण सुरुवातीचं रीडिंग माझ्या आधीच्या मुलाने सोडलं तेव्हाचं धरलेलं, मधले दोन महिने रूम रिकामी होती आणि तिथे बांधकामवाले मशीन लावून काम करून गेले होते, ते सगळं माझ्या डोक्यावर. पुरावा काहीच नव्हता, भरले पैसे. घरून शेतीचे पैसे येतात माझे, आईला फोन करून मागायला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून दर एक तारखेला सकाळी मीटरचा फोटो काढतो आणि मालकाला व्हॉट्सअॅप करतो, काही लिहीत नाही, फक्त फोटो, तारीख आपोआप पडते. नवीन रूमवर सामान उतरवायच्या आधी फोटो काढला. हे सगळ्यांनी करा प्लीज.

अजून एक, मी बीएलडीसी पंखा घेतला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॅटचा. तीन हजाराच्या आसपास पडला, पण साधा पंखा २० तास चालला तर दीड युनिट खातो आणि हा ०.६ खातो, महिन्याचे २७ युनिट वाचतात, १० च्या दराने वर्षभरात पैसे वसूल. आणि रूम सोडताना काढून घेऊन जाता येतो, मालकाचा जुना पंखा मात्र जपून ठेवा, परत लावून द्यावा लागतो.

सुदामानगर_दुसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. टेस्ट केली. रॉड लावून ५१ आले, म्हणजे मीटर फास्ट नाही. रात्री एमसीबी पाडली तर लाईट शांत, एकदाही नाही लुकलुकला. मला वाटलं संपलं, सगळं आपलंच आहे.

पण वायरमनदादांनी सकाळी बघा म्हटलं होतं म्हणून आज साडेसहाला परत एमसीबी पाडून मीटरसमोर उभा राहिलो. दहा मिनिटं काही नाही. मग खाली बोरिंगची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी लाल लाईट चालू. घरात पंखासुद्धा फिरत नव्हता! बायकोने मोबाईलवर मिनिट लावलं, मी मोजले, ५९. परत मोजले, ५८. म्हणजे ५९ गुणिले ६० भागिले ३२००, तासाला १.१ युनिट. मोटर बंद झाली, लाईट बंद.

चार बिऱ्हाडांचं पाणी त्या मोटरवर आहे. नर्मदेचे नळ एक दिवसाआड, मे मध्ये बोरिंगचं पाणी खाली गेलं की तीच टाकी भरायला चार-पाच तास लागतात. पाच तास धरले तर रोजचे साडेपाच युनिट, महिन्याचे १६५. दादा तुमचे १७० जवळपास तंतोतंत!

आता मालकांशी बोलायचंय आणि खरं सांगतो छातीत धडधडतंय. त्यांनी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, पण तसं वाटल्याचं त्यांना वाटलं तर? आणि उद्या चिडून लाईटच तोडली तर?

वायरमनचा_मुलगा

शाब्बास दादा. एप्रिलमध्ये मोटर जळाली होती का, किंवा बाहेर काढली होती का? नवीन जोडताना जो मीटर जवळ दिसतो त्याच्या आउटगोइंगला (मीटरमधून घराकडे जाणाऱ्या बाजूला) वायर अडकवून देतात, असं मी खूप ठिकाणी बघितलंय. बोलताना तोंडाने सांगू नका, मालकांना मीटरसमोर उभं करा, एमसीबी त्यांच्याच हाताने पाडा आणि कोणालातरी मोटर सुरू करायला सांगा. बस. आणि वायर स्वतः काढायला जाऊ नका, ती एमसीबीच्या आधीची आहे, तुमचं सगळं बंद असलं तरी तिच्यात करंट असतो.

स्वतःचं_मीटरवाला

लाईट तोडायची भीती मनातून काढा. मध्य प्रदेशचा १९६१ चा भाड्याचा कायदा आहे, स्थान नियंत्रण अधिनियम, त्यात भाडेकरूचं पाणी, लाईट अशा गरजेच्या सोयी मालकाला विनाकारण तोडता येत नाहीत. ही गोष्ट मालकांपुढे काढू नका, गरज नाही, पण तुम्हाला माहीत असू द्या.

स्वतःच्या मीटरचं विचारलंत तर मी वैशाली नगरात घेतलाय. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ मध्ये कनेक्शन मागणारा मालक किंवा तिथे राहणारा असं दोन्ही लिहिलंय, म्हणजे भाडेकरूही अर्ज करू शकतो. प्रत्यक्षात झोनवर (वीज कंपनीच्या ऑफिसात) भाडेकरार आणि मालकाची लेखी संमती मागतात, त्यामुळे मालकाला विश्वासात घ्यावंच लागतं. मी मालकांना सांगितलं सिक्युरिटी डिपॉझिट मी भरतो, घर सोडताना शेवटचं बिल भरून कनेक्शन बंद करून त्याचा कागद तुमच्या हातात देतो, तेव्हा हो म्हणाले. त्यांची भीती एवढीच होती की भाडेकरू थकबाकी ठेवून पळेल.

फायदा सांगतो, हिवाळ्यात आम्ही आरामात १५० च्या आत असतो, सवलत सरळ आम्हाला मिळते. आणि बिल चुकीचं वाटलं तर मीटर तपासायचा अर्ज आपल्या नावाने करता येतो, वीज कंपनीच्या १९१२ नंबरवर तक्रार आपल्या नावाने जाते, वाद चालू असेपर्यंत मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निषेध नोंदवून भरलं तर लाईट कापत नाहीत, हे कलम ५६ मध्ये आहे. सबमीटरवाल्याला यातलं काहीच नाही, त्याचं सगळं मालकाच्या शब्दावर. स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीच्या ऊर्जस अॅपवर वापरही दिसतो, तुमच्यासारखं महिनाभराने कळत नाही.

सुदामानगर_दुसरा_मजला

काल संध्याकाळी मालकांना वर बोलावलं, आधी चहा दिला, मग मीटरसमोर नेलं. त्यांनीच एमसीबी पाडली, त्यांच्या मुलाने खाली मोटर सुरू केली. लाईट लुकलुकायला लागला तसे ते काही बोललेच नाहीत, मिनिटभर नुसते बघत राहिले. मग म्हणाले, एप्रिलच्या दहा तारखेला मोटर बदलली होती, मी त्या दिवशी उज्जैनला होतो. वायरमनदादा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच.

आज सकाळी माणूस येऊन वायर त्यांच्या मीटरवर घेऊन गेला. मे चे १६५ युनिट कापले आणि एप्रिलचेही ८० पुढच्या महिन्यात वळते करतो म्हणाले. मेन बिलही दाखवलं, काकू, भागाकार ९ रुपये १० पैसे आला, पुढच्या महिन्यापासून जो येईल तोच लावू म्हणाले. मीटरचं हिवाळ्याआधी बोलू असं ठरलंय.

आजचं रीडिंग ४,८१२, फोटो काढून पाठवला. आई आत कूलरसमोर झोपलीये, मुलगी तिच्या पोटावर पाय टाकून.

रामबागची_काकू

वाचून फार बरं वाटलं रे. एक राहिलं, मोटर आता मालकांच्या मीटरवर गेली तरी पाणी चौघांचं आहे, तेव्हा तिचे युनिट चार घरांत कसे वाटायचे ते याच आठवड्यात ठरवून घ्या, सगळ्यांना एकत्र बसवून. मोटरला वेगळा छोटा सबमीटर लावला तर कोणाच्या मनात काही राहत नाही, आमच्याकडे तसाच आहे. आणि फ्रीजच्या दाराच्या रबरात एक कागद अडकवून दार लाव, सहज ओढून निघाला तर रबर बदल, आठ वर्षांत ते ढिलं झालंच असणार.