प्रति: अझेलास्टिनचा (ॲलर्जीच्या सर्दीवरचा नाकातला) स्प्रे मारला की घसा कडू होतो

मान मागे टाकून मारू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको, कडूपणा त्यानेच वाढतो. आधी नाक शिंकरा, मान किंचित खाली घाला, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाकडे वळवा आणि हलकेच श्वास घ्या. जोरात ओढलंत की औषध घशात उतरतं. बाटली तीन दिवस तशीच पडली असेल तर आधी बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा.

झोपेचं मात्र मनावर घ्या. नाकातलं औषध असलं तरी काहींना सुस्ती येते. मारून लगेच चोर्ला घाटातून गोव्याला गाडी काढू नका, दारू तर नकोच. सोबत सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि दुकानात नुसतं ‘नाकाचा स्प्रे द्या’ म्हणू नका. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारं वेगळंच औषध हातात पडेल. ते काही दिवसांपलीकडे वापरलं की नाक उलट जास्त चोंदतं.

बाकी पावसानंतर बेळगावात काँग्रेस गवत फुलतं, ते उपटायला मास्क आणि हातमोज्यांशिवाय जाऊ नका. खरं तर ॲलर्जीवाल्याने जाऊच नये.