एका अनपेक्षित विजयावर राज्य संघात जागा द्यावी का?

चौथी लेन
राज्य स्पर्धेत १५०० मीटरला कोणाच्या ध्यानीमनीही नसलेला मुलगा पहिला आला, की दुसऱ्या दिवसापासून 'याला राष्ट्रीयला पाठवा' सुरू होतं. माझं मत: जागा वेळ बघून द्यावी, क्रमांक बघून नाही. मध्यम पल्ल्यात पहिला आलेला सर्वांत वेगवान असतोच असं नाही. रिओ २०१६ चं १५०० मीटरचं सुवर्ण ३:५०.०० मध्ये गेलं. पहिली फेरी ६६.८३ सेकंदांची, शेवटची ५०.६२ ची. पुढच्याच महिन्यात पॅरालिम्पिकच्या टी-१३ (अंशतः दृष्टी असलेल्यांच्या) गटातले पहिले चौघे याहून कमी वेळात आले! अशा शर्यतीत ज्याचे शेवटचे ३०० मीटर बरे, तो जिंकतो. राष्ट्रीयला पहिल्या फेरीपासून वेग लागला, की हाच मुलगा दुसऱ्या फेरीत घोळक्याच्या मागे पडणार.

शेवटचे २००
पण रिओत जिंकला कोण, बाब? मॅथ्यू सेंट्रोवित्झ. २०११ च्या विश्व स्पर्धेचं कांस्य, २०१३ चं रौप्य. तो पुढे राहिला आणि वेग त्यानेच दाबून धरला. शर्यत आपोआप हळू होत नाही, कोणीतरी ती करतो आणि बाकीचे चालवून घेतात. हेही कौशल्यच.

आता टोकियो १९६४, १०,००० मीटर. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क २८:१५.६ चा विश्वविक्रमवीर. एकाआड एक फेरी वेग वाढवून त्याने सगळ्यांना सोलून काढलं. शेवटच्या फेरीला तिघे उरले आणि समोर एक फेरी मागे पडलेल्यांची गर्दी. क्लार्क अडकला, त्याने अमेरिकेच्या बिली मिल्सला बाहेर ढकललं, ट्युनिशियाचा गामूदी दोघांच्या मधून घुसला. मिल्स सरळ रेषेत बाहेरच्या लेनमधून आला: २८:२४.४. स्वतःच्या आधीच्या सर्वोत्तम वेळेत पाऊण मिनिटाहून जास्त सुधारणा! निव्वळ वेळेची यादी समोर ठेवली असती, तर त्याच्याकडे कोणी पाहिलं नसतं. तो संघात आला तो निवड चाचणीत दुसरा आला म्हणून. अमेरिका आजही क्रमांकावरच निवडते, पात्रता वेळेची अट तेवढी वेगळी.

चौथी लेन
मिल्स माझ्याच बाजूचा साक्षीदार निघाला. २८:२४.४ हा त्या दिवशी ऑलिम्पिक विक्रम होता. शर्यत वेगवान होती, म्हणूनच तो विजय खरा. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्याच लिंडग्रेनच्या बरोबरीने त्याने सहा मैलांचा विश्वविक्रम २७:११.६ असा केला. एकवेळचा प्रकार नव्हता तो. मी ४:१५ अशा संथ वेळेत जिंकलेल्या १५०० मीटरबद्दल बोलतोय.

फोंड्याचा पंच
वेळेवर निवड करा म्हणता, पण कुठल्या वेळेवर? जिल्हा पातळीवर बऱ्याचदा हातातल्या स्टॉपवॉचवर काम चालतं. घड्याळ पिस्तुलाचा धूर दिसताच दाबायचं, आवाजावर नाही. आवाजाला १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. आवाजावर दाबलं, की १०० मीटरचा धावपटू आपोआप 'वेगवान'. शिवाय शेवटी डोळा रेषेवर ठेवायचा असतो आणि माणूस ठेवतो धावपटूवर, त्यामुळे बोट आधीच पडतं. हातच्या वेळेची तुलना विद्युत वेळेशी करताना २०० पर्यंत ०.२४ आणि ४०० ला ०.१४ मिळवतात. लांबच्या शर्यतीत एवढ्याने बिघडत नाही, पण स्प्रिंटमध्ये अर्धे 'चमत्कार' इथेच वितळतात. १०० मीटरला वाऱ्याची नोंद नसेल तर तो कागद बाजूला ठेवा. अनुकूल वारा दोन मीटर प्रतिसेकंदाच्या वर गेला की वेळ विक्रमाला धरत नाहीत.

मांडवीकाठ
आणि हवा? ऑक्टोबरात दुपारी गोव्यात बांबोळीला ५००० धावायला लावायचं आणि पुण्याच्या थंडीतल्या वेळेशी तुलना करायची, हा कुठला न्याय? दमट हवेत घाम अंगावरच राहतो, अंग निवत नाही, नाडी चढते आणि तिसऱ्या किलोमीटरनंतर वेग पडतो. अशा दिवशी घड्याळ सगळ्यांनाच वाईट दाखवतं. क्रमांक तरी सगळ्यांना सारख्या उन्हात मिळतो.

माझ्या मते शर्यतीचा व्हिडिओ बघावा. मुलगा वळणावर कुठून धावला? दुसऱ्या लेनमधून गेलेल्याला प्रत्येक वळणाला साधारण साडेतीन मीटर जास्त पडतात, फेरीला सात. ६० सेकंदांच्या फेरीत तो एक पूर्ण सेकंद. १५०० मध्ये तीन वळणं बाहेरून काढून जिंकलेला आणि आतल्या कडेला लपून जिंकलेला, यांच्या वेळेत फरक नसला तरी ताकदीत आहे. मग फेऱ्यांच्या वेळा: शेवटच्या ४०० मीटरमध्ये दोन्ही दोनशे जवळजवळ सारखे आले, तर दम आहे. पहिला २०० फाडून दुसऱ्यात पाय जड झाले, तर त्याने घोळक्याला फसवलं एवढंच.

'अनोळखी' हा शब्दही जपून वापरावा. आपला बीडचा अविनाश साबळे २०२२ ला राष्ट्रकुलमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्याची शर्यत) ८:११.२० मध्ये धावून सुवर्णापासून ०.०५ सेकंदाने चुकला, तेव्हा लोक 'अचानक कुठून आला' म्हणाले. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाला जात होती, म्हणून धक्का. पण २०१८ ला भुवनेश्वरला ८:२९.८०, २०१९ ला दोहाच्या अंतिम फेरीत ८:२१.३७. पायऱ्या स्वच्छ दिसतात, बघणाऱ्याने कागद उघडला असता तर. रोम १९६० चा मॅरेथॉन विजेता, इथिओपियाचा अबेबे बिकिला असाच: अनवाणी पायांची गोष्ट सगळे सांगतात, पण अदिस अबाबाला समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंचीवर तो २:२१ मध्ये मॅरेथॉन धावला होता, हे कोण सांगतं?

घंटा
एवढी झेप म्हणजे औषधांचा संशय घ्यायलाच हवा ना?

शेवटचे २००
घ्या, पण नाव नसलेल्यांपुरताच नको. बीजिंग २००८ चा १५०० चा विजेता रशीद रमझी तीन वर्षांपूर्वी ८०० आणि १५०० दोन्हींचा विश्वविजेता झालेला होता. सुवर्ण गेलं, ते आस्बेल किप्रोपला मिळालं, आणि पुढे किप्रोपही ईपीओत (तांबड्या पेशी वाढवणारं बंदी असलेलं औषध) सापडला. इटलीचा १०० मीटरचा जेकब्ज २०२१ पूर्वी १०.०३ चा होता, त्या वर्षीच्या टोकियो ऑलिम्पिकला ९.८० धावून जिंकला, पण मे महिन्यात ९.९५ झालेलंच होतं.

चौथी लेन
मांडवीकाठ ताईंचं मान्य, व्हिडिओ हवाच. पण निवड समितीला शेवटी कागदावर काहीतरी लिहावं लागतं. म्हणून सुचवतो: अनपेक्षित विजेत्याची दहा दिवसांनी सकाळी सातला चाचणी. पहिल्या ८०० ला वेग धरणारा एक जण द्यायचा, पुढचे ७०० त्याचे त्याने काढायचे. राष्ट्रीयच्या प्राथमिक फेरीचा वेग झेपला, तर तिकीट काढा.

शेवटचे २००
आणि जो वेग धरणाऱ्याच्या मागे उत्तम धावतो पण घोळक्यात कोपर लागलं की बिचकतो, त्याला पाठवणार? तुमच्या चाचणीत कोपर मारायला कोणीच नाही. निदान पाच जण तरी धाववा.

फोंड्याचा पंच
पाच जण धाववायचे तर घड्याळवाले तीन लागतील. सकाळी सातला तिघे येतात का बघा आधी.